धरणाचे पाणी ‘संरक्षित’ होते तेव्हा नेमके काय बदलते?

फेब्रुवारी संपता संपता पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर गेलात तर पाणी गाठायला बरेच चालावे लागते. दिवाळीच्या सुमारास जिथे लाटा आपटत होत्या तिथे आता हरभरा घाट्यावर आलेला असतो. जमीन काळी, मऊ, नुकत्याच भेगा पडू लागलेली. मधूनच वाळलेले शिंपले पायाखाली कुरकुरतात. ही गाळपेर: धरणाचे पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंतच कसता येणारी जमीन. पिकाच्या पुढे चिखलाचा पट्टा, त्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे चोची खुपसत फिरत असतात. त्याच्याही पुढे घोटाभर पाण्यात पट्टकादंबांचा कळप बसलेला असतो. राखाडी अंग आणि डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेले हे पक्षी हिमालय ओलांडून आलेले असतात. दिवसा ते पाण्यात विसावतात आणि रात्री त्यातलेच काही हरभऱ्यात उतरतात.

हरभरा, चिखल, कादंब आणि लांबवर जाळे ओढणारा होडीवाला, हे सारे जायकवाडी पक्षी अभयारण्याच्या परिसरातले चित्र आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे. तरीही शेती, मासेमारी आणि कालव्याला पाणी सोडणे यावरून तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहेत.

म्हणूनच एखाद्या गावात कुणी म्हणाले की ‘आपल्या तलावावर इतके पक्षी येतात, त्याला संरक्षित दर्जा मिळवू या’, तर पहिला प्रश्न हाच येतो: म्हणजे आमचे काय काय बंद होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोणता दर्जा मागितला यावर अवलंबून आहे, आणि हे दर्जे एकमेकांपासून फारच वेगळे आहेत.

एक तलाव, पाच मालक

जंगल संरक्षित करायचे तर बहुतेक वेळा जमीन आधीच वन विभागाकडे असते. जलाशयाचे तसे नाही. धरणाच्या बुडिताची जमीन संपादित करून जलसंपदा विभागाकडे गेलेली असते. पाण्यावर कालव्याखालच्या शेतकऱ्यांचा, शहरांचा आणि कारखान्यांचा हक्क असतो. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गाळपेर जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिलेली असते, तीही पुष्कळदा धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच घरांना. उरले पक्षी, ते वन विभागाच्या अखत्यारीत. म्हणजे पक्षी एका खात्याचे आणि ते ज्यात उभे आहेत ते पाणी दुसऱ्या खात्याचे. पुढचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. पाणथळ जागा वाचवण्यासाठी देशात २०१७ चे पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम आहेत. नाव ऐकून वाटते की धरणाचा जलाशय त्यात आपोआप येत असेल. येत नाही. नदीचे पात्र, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ, करमणूक यांसाठी बांधलेल्या रचना या नियमांच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. महाराष्ट्रातले बहुतेक मोठे जलाशय सिंचनासाठी बांधलेले. म्हणजे ज्या पाण्यावर थंडीत हजारो बदके उतरतात, तेच पाणी या नियमांच्या लेखी पाणथळ जागा नाही. मला ही मोठी उणीव वाटते. बदकाला तळे माणसाने खोदले की निसर्गाने, याच्याशी काही देणेघेणे नसते.

त्यामुळे जलाशय वाचवायचा तर बहुतेकदा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याकडेच वळावे लागते.

अभयारण्य: सर्वांत भक्कम आणि सर्वांत अवघड

राखीव वनाबाहेरच्या जागेचे अभयारण्य करायचे असेल तर राज्य सरकार आधी कलम १८ खाली ‘असा इरादा आहे’ अशी अधिसूचना काढते. मग जिल्हाधिकारी त्या हद्दीत कुणाचे काय हक्क आहेत याची चौकशी करतात. गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लागतो आणि लोकांना दोन महिन्यांत लेखी दावे देता येतात. कुणाचा दावा मान्य होतो, कुणाची जमीन संपादित होते. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सल्ल्याने काही हक्क चालूही ठेवता येतात. ही चौकशी शक्यतो दोन वर्षांत संपवावी असे कायदा म्हणतो. ती संपल्यावर कलम २६ अ खाली अंतिम घोषणा होते. त्यानंतर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय हद्द बदलता येत नाही.

आज क्रम असा आहे: आधी हक्क, मग हद्द. पूर्वी तो उलटा होता. १९९१ च्या दुरुस्तीआधी सरकार थेट अभयारण्य जाहीर करू शकत असे आणि हक्कांची चौकशी मागून व्हायची. जायकवाडी आणि नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर ही दोन्ही अभयारण्ये १९८६ ची, त्या जुन्या पद्धतीच्या काळातली. ज्या गावाला आपले हक्क आणि नकाशावरची रेघ यांचा मेळ कुणी समोर बसून घालून दिला नाही, त्या गावाला अभयारण्य म्हटले की धास्ती वाटली तर नवल नाही. दर्जा मागणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवूनच चावडीवर जावे.

अभयारण्याची खरी ताकद कलम २९ मध्ये आहे. शिकारीला आळा बसतो ते आहेच, पण अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे किंवा वाढवणे यालाही परवान्याशिवाय मनाई आहे. तो परवाना वन्यजीवांच्या भल्यासाठीच देता येतो. जंगलातल्या ओढ्याला हे सरळ लागू पडते. पण ज्या जलाशयाचा जन्मच पाणी अडवायला आणि कालव्यात सोडायला झाला, तिथे हे कलम शब्दशः लावायचे कसे? त्यामुळे धरण आपल्या वेळापत्रकाने चालत राहते आणि कायद्यातले सर्वांत उपयोगाचे वाक्य कागदावरच राहते.

संवर्धन राखीव: गावाला खुर्ची मिळते

२००२ च्या दुरुस्तीने दोन नवे प्रकार आले. सरकारी जमिनीवर ‘संवर्धन राखीव’, आणि खासगी किंवा गावाच्या जमिनीवर, लोकांनी आपणहून तयारी दाखवली तर, ‘सामुदायिक राखीव’. बुडिताची जमीन सरकारी असल्यामुळे जलाशयाला पहिला प्रकार लागू पडतो. तो जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी चर्चा करणे सरकारवर बंधनकारक आहे.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातला मायणी तलाव हे याचे जवळचे उदाहरण. ब्रिटिशांच्या काळात दुष्काळी माणदेशाच्या शेजारी सिंचनासाठी बांधलेला हा तलाव. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी अशा तलावांच्या समूहाला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला. एकेक तलाव सुटा न घेता समूह घेतला, हे मला फार शहाणपणाचे वाटते. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या या मुलखात एखाद्या वर्षी एक तलाव आटतो आणि दुसऱ्यात पाणी असते. पक्षी त्यांतून निवड करत राहतात. एकाच तलावाला कुंपण घातले तर आटलेल्या वर्षी ते कुंपण कोरड्या जमिनीला राखत बसेल.

शेजारच्या कर्नाटकात गदग जिल्ह्यातले मागडी केरे आणि विजयनगर जिल्ह्यातले अंकसमुद्र हे दोन्ही मुळात सिंचनाचे तलाव. दोन्ही आधी संवर्धन राखीव झाले आणि २०२४ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. मागडीला तर पट्टकादंबांचे थवेच्या थवे उतरतात. सिंचनाचा तलाव आहे म्हणून दर्जा मिळणार नाही, असे कुणी सांगू लागले तर ही नावे पुढे करावीत.

संवर्धन राखीवसाठी कायद्याने एक व्यवस्थापन समिती असते. त्यात वन विभागाचा प्रतिनिधी सदस्य सचिव, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी, आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचे प्रत्येकी एक. अभयारण्यात गाव बहुतेकदा अर्जदार असते. इथे त्याला समितीत खुर्ची मिळते. ही यादी पुन्हा एकदा वाचा. शेतीचा माणूस आहे, जनावरांचा आहे. पाण्याचा नाही. जलसंपदा विभागाचा प्रतिनिधी कायद्याने सांगितलेल्या यादीत नाहीच. शिवाय अभयारण्याची जी कलमे संवर्धन राखीवला लागू होतात त्यांत कलम २९ येत नाही. म्हणजे हा दर्जा लोकांना सोयीचा, पण पाण्याबाबत त्याचा हात आखडलेला.

इतर वाटाही आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यातल्या कलम ३७ प्रमाणे स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकार ‘जैविक विविधता वारसा स्थळ’ घोषित करते. आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमाला २०२१ मध्ये हा मान मिळाला, तोही तिथल्याच कुंडात सापडलेल्या एका चिमुकल्या माशामुळे. रामसर हा मात्र कायद्याचा दर्जा नव्हे, आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी झालेल्या कराराची ही यादी. एखाद्या जागी नियमितपणे वीस हजार किंवा जास्त पाणपक्षी असतील, किंवा एखाद्या पाणपक्ष्याच्या त्या भूप्रदेशातल्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी त्या जागी येत असतील, तर ती जागा निकषात बसते. महाराष्ट्रातले पहिले नाव नांदूर मध्यमेश्वरचे, २०२० साली जाहीर झालेले.

ब्रिटनमध्ये याहून साधी सोय आहे. १९४९ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक पालिका आपल्या ताब्यातल्या जागेला स्वतःच ‘लोकल नेचर रिझर्व्ह’ म्हणून घोषित करू शकतात. लंडनमधला ब्रेंट जलाशय १८३५ च्या सुमारास कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधला होता. आज तो असा राखीव आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका ठराव करू शकते, मागणी करू शकते, घोषणा करू शकत नाही. ती मुंबईहूनच निघते.

पक्ष्यांना हवी असते पातळी

आता मुख्य मुद्दा. जलाशयावरचे बहुतेक पाणपक्षी खोल पाण्यात काही खात नाहीत. थापट्या, तलवार बदक, शेकाटे, चित्रबलाक, चमचे, सगळ्यांचे ताट काठाच्या उथळ पट्ट्यात वाढलेले असते, जिथे सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो आणि शेवाळ, किडे, गोगलगायी, छोटे मासे मिळतात. नाथसागर बशीसारखा पसरट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ खूप दूर सरकतो आणि हा पट्टा हळूहळू आत आत जात राहतो. पाणी सावकाश उतरले तर पक्ष्यांना रोज नवे ताट मिळते. एकदम उतरले तर चिखल दोन दिवसांत वाळतो आणि ताट रिकामे. एकदम चढले तर सगळे ताट खोल बुडते.

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा हे याचे उत्तम उदाहरण. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा बंधारा दोन्ही तीरांवरच्या कालव्यांना पाणी देतो. शंभर वर्षांत त्यात गाळ साठत गेला, बेटे तयार झाली, पाणकणीस आणि पाणवनस्पती माजल्या. अभियंत्याच्या हिशेबात साठवण घटली. पक्ष्यांच्या हिशेबात जमीन तयार झाली. आज तिथे २६५ जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. पण नाशिककडच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले की तेही याच बंधाऱ्यातून पुढे जाते. तो निर्णय पावसाळा संपल्यावर होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेकडून आलेली बदके इथे स्थिरावत असतात. हे पाणी मराठवाड्याच्या तहानेसाठी जाते, ते अडवा असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ते किती दिवसांत आणि किती वेगाने सोडायचे, यात पक्ष्यांचाही विचार करता येईल.

हे जिथे ठरते ती जागा म्हणजे कालवा सल्लागार समिती. रब्बीत किती आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या फेऱ्या, उन्हाळ्यात किती, पिण्यासाठी राखीव किती, हे तिथे बोलले जाते. शेतकरी भांडतात, नगरपालिका भांडतात, कारखाने आपली मागणी मांडतात. पक्ष्यांच्या बाजूने बोलणारे सहसा कुणीच नसते. माझे ठाम मत आहे की जलाशयाच्या रक्षणातली सर्वांत मोठी फट हीच आहे. काठावर अभयारण्याचा फलक आहे की संवर्धन राखीवचा, याहून या बैठकीत वन विभागाचा किंवा व्यवस्थापन समितीचा माणूस बसतो का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

काठावरची माणसे

दर्जा नसलेल्या जलाशयावर काय चालते हे पाहायचे असेल तर उजनी पाहा. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्यावर भिगवण, डिकसळ, कुंभारगाव भागात थंडीत रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्यांची रांग लागते. बोलण्यात अनेकजण ‘भिगवण अभयारण्य’ म्हणतात, पण उजनीला तसा दर्जा नाही. तिथे पक्षी दाखवतात ते मच्छीमारच. जी होडी पहाटे चिलापीच्या जाळ्यासाठी जाते, तीच नंतर पाहुण्यांना घेऊन निघते. पक्षी टिकले तर घर चालते, हे त्यांना पक्के समजले आहे. पण फोटोसाठी थवा उडवायला सांगणारा पाहुणाही त्याच होडीत असतो आणि त्याला अडवणारा नियम तिथे नाही.

दर्जा मिळाला की असे प्रश्न सुटतात, असेही नाही. जायकवाडीवर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मच्छीमारांनी त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५ मध्ये तिथे त्यांची याचिका फेटाळली गेली. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांत तीन याद्या असतात: काय बंद, काय नियंत्रित आणि कशाला प्रोत्साहन. अक्षय ऊर्जा तिसऱ्या यादीत येते. हेतू चांगलाच आहे, पण घराच्या छपरावरचे पॅनेल आणि पाण्यावर पसरलेले पॅनेल यांत फरक आहे. म्हणून मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा, हरकतींच्या साठ दिवसांत, तिन्ही याद्या ओळीने वाचल्या पाहिजेत. बहुतेक लोक फक्त पहिली वाचतात.

गाळपेरीबद्दलही थोडे. ही शेती पूर्ण बंद करा अशी मागणी पक्षीप्रेमींकडून होते. मला ती पटत नाही. ज्यांच्या बापजाद्यांची जमीन धरणात गेली त्यांना उरलेल्या चिखलातूनही बाहेर काढणे अन्यायाचे आहे, आणि त्याने पक्ष्यांना गावात शत्रू मिळतात. खरा त्रास कसण्यापेक्षा रासायनिक खत आणि कीटकनाशकांचा. गाळपेरीत फवारलेले औषध पुढच्या पावसाळ्यात थेट पाण्यात उतरते. भाडेपट्ट्यातच फवारणीवर बंधन, पाण्यालगत काही अंतर मोकळे, आणि कादंबांनी हरभरा खाल्ला तर पंचनामा आणि भरपाईची सोपी वाट, इतके झाले तरी खूप आहे.

मागणी करायची तर

प्रस्तावाला सर्वांत जड वजन नोंदींचे. हिवाळ्यात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागेवरून, तीनचार वर्षे सलग केलेली मोजणी हजार भावनिक निवेदनांपेक्षा उपयोगी पडते. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती कायद्याने असतेच. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तलावाची पाने भरलेली असावीत. मच्छीमार संस्थेचा आणि गाळपेर कसणाऱ्यांचा लेखी होकार, आणि त्यांच्या अटीही, प्रस्तावालाच जोडाव्यात. जलसंपदा विभागाची ना हरकत लागतेच. ती मागतानाच व्यवस्थापन समितीच्या बैठकांना शाखा अभियंता कायम निमंत्रित असेल, असा उल्लेख करून घ्यावा. कायद्यातल्या यादीत तो नाही, पण बोलवायला कायद्याची मनाईही नाही.

आणि एक काम कुणीही करू शकतो. नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात जलाशयातल्या उघड्या बेटांवर अंडी घालतो. घरटे असे नसतेच. वाळूत जरासा खळगा आणि त्यात मातीच्याच रंगाची दोनतीन ठिपकेदार अंडी. भोवती पाणी आहे तोवर ती सुरक्षित. पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले की त्याच रात्री कुत्री चालत पोहोचतात. बेट आणि काठ यांच्या मधल्या खोलगट जागी मार्चमध्ये एक काठी रोवून ठेवा. ज्या दिवशी तिचे बूड उघडे पडेल, त्या दिवशीची धरणाची पातळी पाहा. ती धरणावर रोज मीटरमध्ये नोंदली जाते. त्या बेटावरची पिल्ले कोणत्या पातळीपर्यंत सुरक्षित आहेत, याचा हा आकडा. दोन उन्हाळे तो काढला की पुढच्या आवर्तनाच्या बैठकीआधी, तारखेसह आणि फोटोसह, अर्जाला जोडून शाखा अभियंत्याकडे द्यायचा आणि पोच घ्यायची.